एका बाहीचा स्वेटर

आबांनी माझ्याकडे स्वेटर मागितला तेव्हा फाल्गुन संपत आला होता. गोधड्या ऊन खाऊन माळ्यावर गेल्या होत्या, माठ खाली उतरला होता आणि मी स्वयंपाकघराच्या दारात विळी मांडून लोणच्याच्या पहिल्या कैऱ्या चिरत होते. आबा, म्हणजे माझे सासरे, समोर येऊन उभे राहिले. सगळं आयुष्य त्यांनी शाळेत ड्रिल मास्तर म्हणून काढलेलं. ते नुसते उभे राहिले तरी समोरच्याला वाटायचं, आपण रांगेत वाकडे उभे आहोत.

"कुंदा," ते म्हणाले, "मला एक स्वेटर करून दे. लांब बाह्यांचा. आणि रंग जरा बघण्यासारखा असू दे."

मी विळी आडवी केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. साताऱ्यात थंडी पडते, नाही असं नाही, पण ती एव्हाना कधीच परत गेली होती. शिवाय आबा आणि रंग हे दोन शब्द एका वाक्यात कुणी ऐकले नव्हते. पांढरी विजार, पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सदऱ्याला नीळ जरा जास्त झाली तर तो परत धुवायला जायचा. असा माणूस बघण्यासारखा रंग मागतोय म्हटल्यावर मला एकच अर्थ लागला. माझी टर उडवली जात होती.

टर उडवायला जागा होती हे मी मान्य करते. मला विणकामाचा नाद होता, आणि नाद हाच शब्द बरोबर आहे, कारण कामाला शेवट असतो. बाजारात हळकुंडांच्या ढिगाशेजारी वांगी रचलेली दिसली की माझे हात शिवशिवायला लागायचे. एसटीच्या लाल अंगावरचा पिवळा पट्टा, पावसाळ्यानंतर पत्र्यावर चढलेलं शेवाळ, शेजारच्या कोंबड्याची शेपटी, काहीही पुरायचं. मी तशीच लोकरीच्या दुकानात जायची, तसेच रंग आणायची आणि त्याच दिवशी टाके घालायची. पण विणकाम अर्ध्यावर आलं की दुसरा कुठला तरी रंग रस्त्यात आडवा यायचा आणि पहिला मनातून उतरायचा. नणंदेच्या मुलाचं टोपरं अर्धं होतं तोवर मुलगा शाळेत जायला लागला. एका पायाचा मोजा होता. ट्रान्झिस्टरचं झबलं होतं, ते तेवढं पूर्ण झालेलं, तर ट्रान्झिस्टरच बिघडला. कपाटाचा खालचा कप्पा उघडला की गुंडे घरंगळत बाहेर यायचे आणि आबा त्याला 'कुंदाचा बाजार' म्हणायचे. माझे यजमान विलासराव एसटीच्या वर्कशॉपात होते. ते काही बोलायचे नाहीत. मी केलेला मफलर ते घरातून गळ्यात घालून निघायचे आणि कोपऱ्यावर गेल्यावर पिशवीत ठेवायचे. हे मला ठाऊक होतं.

तरी सासऱ्यांनी मागितलं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मी विचारलं, कुठला रंग हवा. तिथून खरी गंमत सुरू झाली.

मी राणी रंगाचा गुंडा काढला. आबांनी तो हातात घेतला आणि परत दिला. म्हणाले, यात्रेत गुलाल असतो. मला काही बोध झाला नाही. नारिंगी दाखवला, तर म्हणाले, फेटे त्याच रंगाचे असतात. मातकट तांबडा दाखवला, त्यावर त्यांनी मलाच विचारलं की चैत्रात माळ कुठल्या रंगाचा दिसतो. पांढऱ्याचं मी नावही काढलं नाही, तर स्वतःच म्हणाले, "पांढरा तर मुळीच नको. त्या रंगाची माणसं गावात फार झाली आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळे गुंडे गच्चीवरच्या दोरीला टांगायला लावले. मग सासूबाईंना जिन्याच्या दाराशी पाटावर बसवलं आणि म्हणाले, कुंदाचा बाजार भरलाय, ओळख बघू कुठला रंग कुठं आहे ते. सासूबाईंना सगळे आक्का म्हणत, मीही. आक्का हसल्या. पोपटी लगेच ओळखला, त्याच्या पलीकडचा हळदीसारखा पिवळाही ओळखला. लालही सांगितला. निळ्या-जांभळ्यांपाशी आल्यावर मात्र म्हणाल्या, मला दुसरे उद्योग नाहीत का, आमटी उतू जाईल. आणि भिंतीला हात लावत जिना उतरून गेल्या. आबा बराच वेळ दोरीकडे बघत उभे होते. मी मनात म्हटलं, बघा, आता नवरा-बायको दोघं मिळून माझी मजा करतायत.

स्वेटर ठरला पोपटी. त्यावर हळदी रंगाचे रुंद पट्टे आणि पट्ट्यांच्या कडेला काळी रेघ. एवढं भडक काही मीही आजवर विणलं नव्हतं. माप घ्यायला गेले तर आबांनी दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले, मग बाजूला नेले, मग परत वर. मी म्हटलं, आबा, हात खाली ठेवा, माप चुकेल. ते म्हणाले, हात वर असतानाच घे. वर केल्यावर बाही मनगटावरून सरकता कामा नये. आणि हे सगळं त्यांना आक्कांच्या माहेरच्या यात्रेआधी हवं होतं.

आक्कांचं माहेर पिंपरवाडी, साताऱ्यापासून एसटीनं तासाभराच्या अंतरावर. चैत्रात तिथं भैरोबाची यात्रा भरायची आणि आक्का एकही वर्ष चुकवायच्या नाहीत. बाकी कुठं जायचं म्हटलं की अलीकडे त्या गुडघ्याचं निमित्त सांगायच्या, लग्नाकार्याला मलाच पुढं करायच्या, पण यात्रा म्हटली की गुडघा गप्प.

पाठ झाली, पुढचा भाग झाला, उजवी बाही झाली. खरं सांगते, इतक्या भराभर मी कधी विणलं नव्हतं. मनाचा हिय्या केला होता की टर तर टर, पण एकदा तरी पूर्ण करून दाखवायचं. आणि मग एका रविवारी आम्ही यवतेश्वराच्या वाटेनं गेलो आणि पळस फुललेला दिसला. पानं नाहीत, काही नाही, काळ्या फांद्या आणि त्यांच्यावर तो रंग. दुसऱ्या दिवशी माझ्या सुयांवर पळसाच्या रंगाच्या शालीचे टाके होते.

यात्रेच्या दिवशी सकाळी आबा अंघोळ करून, विजार-सदरा घालून माझ्यापुढे आले. मी स्वेटर पुढं केला आणि सांगितलं की डावी बाही राहिली आहे, हा परत आल्यावर पुरा करते, आज राहू दे. मला वाटलं, टोमणा येईल. तो आला नाही. त्यांचा चेहराच उतरला. वर्गातल्या खात्रीच्या पोरानं ऐन सामन्यात पाय दुखतोय म्हणावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"आहे तसा दे," ते म्हणाले.

मी घाईघाईनं डाव्या खांद्याचे टाके बंद करून दिले आणि त्यांनी सदऱ्यावर तो स्वेटर चढवला. एक हात पोपटी-पिवळा, दुसरा पांढरा. वर टोपी. विलासरावांनी एकदा बघितलं आणि वर्कशॉपात जादा काम आहे असं सांगून ते निघून गेले.  आक्का जवळ आल्या, आबांच्या बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, चला, गाडी चुकेल.

चैत्रातलं ऊन, खच्चून भरलेली एसटी आणि आमच्यात एक माणूस लोकरीत. कंडक्टरनं तिकीट द्यायच्या आधी विचारलं, काका बरं नाही का. आबा म्हणाले, ठणठणीत आहे, सूनबाईनं केलंय. पुढच्या बाकावरच्या बाईनं विचारलं. सूनबाईनं केलंय. पिंपरवाडीच्या फाट्यावर उतरलो, तिथं भेळवाल्यानं विचारलं, त्यालाही तेच उत्तर. आक्कांच्या भावाच्या दारात अख्खा वाडा जमला होता, सोयरेधायरे, लेकी, जावई. सगळ्यांच्या देखत आबांनी दोन्ही हात पसरून दाखवले आणि म्हणाले, आमच्या सूनबाईचं काम आहे, घालावं लागतं. लोक हसले. एका मामेसासूनं मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं की दुसऱ्या हाताला काही झालंय का त्यांच्या.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरात 'बाजार' म्हणणं वेगळं आणि आठ गावच्या पाहुण्यांपुढं अशी शोभा करणं वेगळं. काय बिघडवलं होतं मी त्यांचं? जेवताना पुरणपोळी तशीच ताटात ठेवली. ठरवून टाकलं, घरी जायचं आणि कपाटाचा तो कप्पा रद्दीवाल्याच्या पुढ्यात उलटा करायचा. सुयांसकट.

दुपार कलली आणि पालखी निघाली. आक्कांना पालखीला नारळ द्यायचा होता. आबा म्हणाले, कुंदा, आक्काचा हात सोडू नकोस. मी हूं म्हटलं, त्यांच्याकडे न बघता. आम्ही दोघी देवळाकडे गेलो. ढोल, हलग्या, गुलाल. गुलाल इतका की समोरचं माणूस गुलाबी धुरातून आल्यासारखं दिसायचं. पालखी वळली, मागचा लोंढा पुढं आला, मला कुणाचा तरी धक्का बसला आणि मी सावरले तोवर हातातला हात गेला होता.

आधी मला काहीच वाटलं नाही. त्यांचंच माहेर, लहानपणापासूनचं गाव, जातील कुठं? हाका मारल्या, ढोलापुढं माझंच मला ऐकू येईना. देवळाला एक वळसा घातला. मागच्या बाजूला गेले आणि जागीच थांबले. देवळाच्या मागं जुनी विहीर होती, बिनकठड्याची. यात्रेपुरती दोन बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि त्याही कुणीतरी बाजूला ओढल्या होत्या. मी वाकून बघितलं. पाणी स्थिर होतं. तरी मी बघत राहिले.

धावत आले ती आबांपाशी. ते कुस्त्यांच्या मैदानाजवळ होते. मी कसंबसं सांगितलं की आक्का दिसत नाहीत. वाटलं, ते माझ्यावर ओरडतील, मग शोधायला पळतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. मैदानाच्या कडेला रिकामी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, तिच्या चाकावर पाय ठेवून या वयात ते वर चढले. मधोमध उभे राहिले, टाचा जुळवल्या, छाती पुढं काढली आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. मग बाजूला. मग वर. मग बाजूला. एक पोपटी हात आणि एक पांढरा.

मी खालून म्हटलं, आबा, हे काय करताय, चला शोधूया. ते समोर बघत म्हणाले, "तू गप्प उभी राहा. ती मला शोधील."

लोक कुस्त्या सोडून आबांकडे बघायला लागले. पोरं त्यांच्यासारखे हात करायला लागली. लाउडस्पीकरवर कुस्त्या पुकारणारा माणूस म्हणाला की ट्रॉलीवरच्या स्वेटरवाल्या पाहुण्यांनी कृपा करून खाली उतरावं, पैलवानांचं लक्ष विचलित होतंय. हशा पिकला. आबांचे हात थांबले नाहीत. त्यांच्या कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि पोपटी लोकर मानेपाशी काळपट झाली होती.

आणि मग मला आक्का दिसल्या. मैदानाच्या पार पलीकडून, पाळण्यांच्या बाजूनं येत होत्या. मान वर, नजर ट्रॉलीवर, झपझप. वाटेत फुगेवाला होता, त्याला त्या सरळ जाऊन धडकल्या. पुढं एका कासारणीनं जमिनीवर चादर पसरून बांगड्या मांडल्या होत्या. आक्कांनी चादरीवरच पाय दिला, बांगड्या कडकड फुटल्या, कासारीण ओरडायला लागली, तरी त्यांनी खाली बघितलं नाही. पायाखालच्या बांगड्या त्यांना दिसल्या नव्हत्या. एवढ्या लांबचा एक पोपटी ठिपका मात्र दिसत होता आणि त्या दोरीनं ओढल्यासारख्या त्याच्याकडे येत होत्या.

ट्रॉलीपाशी येऊन त्यांनी आधी तिच्या फळीला हात लावला, मग वर बघितलं.

"उतरा खाली," त्या म्हणाल्या. "वय काय तुमचं?"

आबा उतरले. मी कासारणीकडे गेले, तिची समजूत घातली. माघारी येताना माझ्या डोक्यात दोरीवरचे गुंडे, गुलाल, फेटे, चैत्रातला माळ, वर केलेल्या हातांचं माप, सगळं एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसत होतं.

आक्का भावजयांच्या घोळक्यात बसल्यावर मी आबांना गोठ्यामागं गाठलं. ते हौदावर तोंड धूत होते. विचारलं, आक्कांना दिसत नाही का?

"मला काही सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "तिनं शपथ घातली आहे, पोरांना सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल म्हणून. तू विचार. मी मान हलवीन. मानेबद्दल ती काही बोललेली नाही."

मग मी विचारत गेले आणि ते मान हलवत गेले. बरेच दिवस झाले का? हो. मोतीबिंदू आहे का? तसंच वाटतंय. तांदूळ माझ्याकडून निवडून घेतात ते म्हणूनच? हो. डॉक्टरला दाखवलं? नाही. का, हे मान हलवून सांगता येण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी हौदावर पाणी पिणाऱ्या म्हशीकडे बघत, जणू तिलाच सांगतोय अशा आवाजात सांगितलं की आक्कांच्या आईचा डोळा याच घरात, ऑपरेशननंतर पिकून गेला होता. त्या वेळी आक्का तिच्या उशाशी होत्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी म्हशीला सांगितली. दिवाळीच्या सुमारास मंगळवार तळ्याच्या कट्ट्यावर पेन्शनरांची बैठक बसली होती. आक्का आबांना बोलवायला आल्या आणि भलत्याच गृहस्थापुढं उभ्या राहून, तुम्हाला ब्लडप्रेशर असताना भजी खाता कशी म्हणून बोलायला लागल्या. ते निवृत्त मामलेदार होते. बिचाऱ्यांनी घाबरून भजी टाकून दिली. सगळे खो खो हसले. आक्काही हसल्या, मुद्दाम केलं म्हणाल्या. पण घरी येईपर्यंत त्यांनी आबांचा हात सोडला नव्हता.

मी म्हटलं, मग एखादा लाल सदरा शिवून घ्यायचा होता, उकाड्यात लोकर कशाला?

"लाल सदरा घातला असता तर सगळ्या गावानं विचारलं असतं, का घातला. आधी तिनंच विचारलं असतं. तुझ्या स्वेटरला कुणी का म्हणून विचारत नाही. सूनबाईला नाद आहे म्हटलं की संपलं." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "तुझ्या नादाचा मला फार उपयोग झाला."

आयुष्यात त्यांनी माझी केलेली ही पहिली स्तुती. ती कौतुकात धरायची की नाही हे मला अजून नीट कळलेलं नाही, पण कप्पा रद्दीत द्यायचा बेत तिथंच बारगळला.

सातारला परत आल्यावर आबा रोज संध्याकाळी तो एका बाहीचा स्वेटर घालून तळ्यावर जायला लागले. गल्लीत बोभाटा झाला. शिर्के मास्तरांच्या सुनेला म्हणे बाही जमत नाही. आक्कांना ते लागलं. माझी काही पुरं न करण्याची सवय त्यांना माहीत होती, तरी दोन-चार दिवस वाट बघून त्या मला म्हणाल्या, अगं, ती एक बाही तेवढी करून टाक, लोक नावं ठेवतायत.

मी पळसाची शाल विणत होते. सुया थांबवल्या नाहीत, कारण थांबवल्या असत्या तर धीर गेला असता.

"बाही करीन आक्का. तुम्ही डोळे दाखवल्यावर."

त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "यांनी सांगितलं."

"नाही. त्यांनी नुसती मान हलवली."

आक्कांनी कपाळाला हात लावला. "मानेची शपथ घालायची राहिली माझी," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

पुढचे दिवस आमच्या घरात युद्ध चाललं, पण असं की बाहेरच्याला पत्ता लागू नये. त्या माझ्याशी गोड बोलायच्या आणि विषय काढायच्या नाहीत. मी त्यांच्याशी गोड बोलायची आणि बाही काढायची नाही. एकदा त्यांनी स्वेटर गुपचूप शेजारच्या कमलताईंकडे पाठवला, बाकीची बाही तुम्ही विणून द्या म्हणून. कमलताईंनी तो फिरवून फिरवून बघितला आणि परत पाठवला. माझी वीण जरा स्वैरच होती, ती दुसऱ्याच्या हाताला लागण्यासारखी नव्हती. विलासरावांना मी सगळं सांगितलं होतं. आईशी बोलण्याची त्यांची छाती झाली नाही, पण त्या आठवड्यात ते माझा मफलर कोपऱ्याच्या पुढंही गळ्यात घेऊन गेले. वैशाख लागला होता.

आणि आबा. त्यांना मी सांगून पाहिलं की आता मला कळलंय, स्वेटरची गरज नाही, मीच आक्कांबरोबर येत जाईन. ते ऐकायला तयार नव्हते. ती माझ्याकडे बघून येते, म्हणाले, तुझा हात धरून आली तर ती नेऊन सोडल्यासारखी येईल. एरवी ते उन्हाळ्यात उघड्यानं झोपाळ्यावर बसायचे, आता घरात असतानाही स्वेटर अंगावर. मला संशय आहे की ते त्यांनी मुद्दाम केलं. शाळेत पोरांना उन्हात उभं करण्याऐवजी ते स्वतः उन्हात उभे राहायचे आणि पोरं शरमून सरळ व्हायची, अशी त्यांची ख्याती होती.

एके दिवशी सकाळी आक्का माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. हाताला पावडर लागलेली.

"चल," त्या म्हणाल्या. "दाखव कुठं दाखवायचे ते डोळे. त्या माणसाच्या पाठीला हात लावून बघ एकदा. घामोळ्यानं नुसती खसखस पेरलीय."

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक चांगला पिकलेला. त्यांच्या आईच्या वेळचं आता राहिलेलं नाही. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना एवढंच विचारलं की डोळा गेला तर हात राहील ना. त्यांना म्हणायचं होतं, आबांचा. डॉक्टरांना काय कळणार, ते म्हणाले, हाताला काही होत नाही आजी.

ऑपरेशनला आत नेईपर्यंत त्यांनी माझा हात धरला होता आणि तो इतका घट्ट की मला दोन दिवस सुया धरता आल्या नाहीत. पण झालं सगळं ठीक. पट्टी निघाली, पुढं काही आठवड्यांनी बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. तो चढवून आक्का दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या आणि समोर आबा उभे होते. स्वेटर घालून. पोपटी, हळदी, काळ्या रेघा, एक बाही.

मी, विलासराव, सगळे श्वास रोखून उभे. मला वाटलं, आता दोघांच्या डोळ्यांना पाणी येणार, डॉक्टरांनी तर रडायला मनाई केली होती.

आक्का त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या.

"ह्या अवतारात तुम्ही माझ्या माहेरी गेला होता?"

"हो."

"सगळ्या भावकीसमोर?"

"ट्रॉलीवर चढून," आबा म्हणाले.

"काढा तो आधी," आक्का म्हणाल्या, आणि आबांनी तो तिथंच, रस्त्यात काढून माझ्या हातात दिला. आतून शुभ्र सदऱ्यातले आबा निघाले, जसे वर्षानुवर्षं होते तसे. सुटल्यासारखं मोठा श्वास घेतला त्यांनी.

स्वेटर कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेला. वचन दिलं होतं म्हणून डाव्या बाहीचे टाके मी घातले, चार बोटं विणली, आणि मग कशाला आता, या विचारानं ते तिथंच राहिलं. माझ्या मनात आभाळाच्या एका रंगानं घर केलं होतं.

पाऊस उघडल्यावर एका संध्याकाळी मी आणि आक्का बाजारातून येताना तळ्याकडून आलो. आबांना घेऊनच घरी जाऊ, म्हणाल्या. तळ्याच्या कोपऱ्यावर येऊन त्या थांबल्या. चष्मा नाकावर नीट बसवला. पलीकडच्या कट्ट्यावर नेहमीची बैठक भरली होती. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, सगळे एका रांगेत, कुणी वाकलेला, कुणी हसत मांडीवर थाप मारणारा. मामलेदार भजी खात होते. आक्का एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निरखून बघत गेल्या. मग परत पहिल्यापासून. मी विचारलं, आक्का, नीट दिसत नाहीये का?

"स्वच्छ दिसतंय गं," त्या म्हणाल्या. "एकेकाच्या टोपीचा मळ दिसतोय."

मग नजर कट्ट्यावरून न काढता म्हणाल्या,

"इतकी वर्षं संसार केला, आणि सगळे म्हातारे हे असे सारखेच. घरी गेलं की ती बाही पुरी कर. आणि पट्टे जरा आणखी रुंद घाल."